गुइलिनचा बेत आखताना: ली नदीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

चीन भारतीयांना पर्यटन व्हिसा पुन्हा देऊ लागला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगझू थेट विमानही सुरू झालं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशी प्रांतातलं गुइलिन आणि तिथून सुळक्यांमधून वाट काढत यांगशुओला जाणारी ली नदी आता आपल्या आवाक्यात आली आहे. मात्र सहलीचा आराखडा करताना बरीच मंडळी ऐकीव माहितीवर भिस्त ठेवतात आणि तिथेच गणित चुकतं.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे, ‘मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, तेव्हाच जाऊ.’ आपल्याकडे मे कोरडा असतो, पण गुइलिनचा पाऊस एप्रिलपासूनच जोर धरतो आणि मे-जून हे तिथले सर्वांत ओले महिने. नदी फुगली की बोटी बंद ठेवतात. १९ जून २०२४ रोजी तर १९९८ नंतरचा सर्वांत मोठा पूर आला आणि गुइलिनच्या रेल्वे स्थानकात पाणी शिरलं. उलट थंडीत पाणी इतकं उतरतं की मोठ्या बोटींचा मार्ग कधी कधी आखडता घ्यावा लागतो. हवा कोरडी, आकाश मोकळं आणि नदीला पुरेसं पाणी, हे सगळं जुळतं ते ऑक्टोबरात. त्यातही १ ते ७ ऑक्टोबर हा चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा निम्मा देश प्रवासाला निघालेला असतो. दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी तिची सुट्टी या हिशेबात अगदी नेमकी बसते.

याला जोडूनच एक निर्णय घ्यावा लागतो. गुइलिनच्या उत्तरेला लोंगशेंग तालुक्यात च्वांग आणि याओ समाजाने पिढ्यान् पिढ्या डोंगरउतारावर कोरलेली लोंगजीची भातखाचरं आहेत. पाण्याने भरलेली, आरशासारखी चकाकणारी खाचरं मेअखेरीस आणि जूनमध्ये दिसतात, तर पिवळंधमक भात सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे भरलेली खाचरं आणि निवळलेली नदी एकाच फेरीत बघायचा हट्ट धरू नये. माझं मत विचाराल तर नदी निवडा.

आता बोटीबद्दल. ‘बोट गुइलिन शहरातून सुटते आणि संध्याकाळी परत आणून सोडते,’ असं अनेकांना वाटतं. गुइलिन ते यांगशुओ हा जलमार्ग ८३ किलोमीटरचा आहे खरा, पण मोठ्या बोटी सुटतात त्या शहराबाहेरच्या मोपानशान किंवा झुजियांग धक्क्यावरून. तिथे पोचायलाच गाडीने तासाभराच्या आसपास लागतो. साधारण चार तासांनी बोट यांगशुओला टेकते आणि प्रवास तिथेच संपतो. त्यामुळे सामान गुइलिनच्या हॉटेलात ठेवून जाऊ नका, सोबतच घ्या आणि मुक्काम यांगशुओला करा. सुळक्यांची खरी दाटी यांगदी ते शिंगपिंग या पट्ट्यात आहे. २० युआनच्या नोटेमागचं दृश्यही शिंगपिंगजवळचंच, म्हणून या वेळात जेवायला आत बसू नका, वरच्या डेकवर जा.

‘बांबूच्या तराफ्यावरून शांतपणे ली नदीतून जाऊ’ ही कल्पना अर्धीच खरी आहे. मुख्य नदीवरचे तराफे बहुतांशी प्लॅस्टिकच्या पाइपांचे असतात आणि त्यांना इंजिन असतं. खरा बांबूचा, लांब काठीने ढकलला जाणारा तराफा हवा असेल तर ली नदीच्या युलोंग या उपनदीवर जावं. तिथे जागोजाग बुटके बंधारे आहेत. तराफ्याचं नाक बंधाऱ्यावरून खाली झुकतं, पाणी फळीवर चढतं आणि पाय घोट्यापर्यंत भिजतात. मुलं यावर बेहद्द खूश होतात.

डोंगरांच्या आकारावरून ते ज्वालामुखीतून आले असावेत, असंही काही जण समजतात. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, बेसॉल्टचा आहे, पण इथले सुळके चुनखडीचे आहेत. पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला हा दगड वर उचलला गेला. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी त्यात झिरपत राहिलं, दगड विरघळत गेला आणि उरले ते सुळके आणि गुहा. मिंग काळातला प्रवासी श्यू शियाके १६३७ मध्ये इथे आला आणि एकेका गुहेत शिरून त्याने तपशीलवार नोंदी केल्या. २०१४ मध्ये युनेस्कोने दक्षिण चीनच्या चुनखडी प्रदेशाच्या जागतिक वारशात गुइलिनचा समावेश केला. गुइलिनमधल्या रीड फ्लूट गुहेतले निळे-जांभळे रंग मात्र दिव्यांचे आहेत, दगडाचे नाहीत.

पाणकावळ्याच्या मदतीने मासे पकडणारा कोळी हे चित्रही आता बदललंय. पूर्वी पक्ष्याच्या गळ्याला सैलसर दोरी बांधत, म्हणजे मोठा मासा त्याला गिळता येत नसे. आज काठावर पाणकावळे घेऊन उभे असलेले बहुतेक जण फोटोसाठी उभे असतात आणि त्याचे पैसे घेतात. यात फसवणूक नाही, फक्त रक्कम आधी ठरवून घ्या.

शाकाहारी मंडळी उपाशी राहतील ही भीती अनाठायी आहे. टोफू, भाज्या, भात सगळीकडे मिळतं. सावध राहायचं ते गुइलिनच्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांबाबत, कारण वरून मांस काढलं तरी त्यातलं पाणी हाडांचंच असतं. ‘मांस नको, मासे नकोत, चरबी नको, हाडांचं पाणी नको’ हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा.

उरलेलं थोडक्यात. २४० तासांच्या व्हिसामुक्त थांब्याची सवलत भारतीय पासपोर्टला नाही. अलीपे आणि वीचॅटमध्ये परदेशी कार्ड जोडता येतं, निघण्याआधी घरूनच ते जोडून ठेवा. विमान शोधताना ली नदीच्या नावाशी जुळणारं लीजियांग हे नाव दिसलं तर ते युन्नान प्रांतातलं वेगळंच शहर आहे, आपल्याला हवं ते गुइलिन. ग्वांगझूहून गुइलिनला बुलेट ट्रेनने सुमारे तीन तास लागतात. यांगशुओ नावाचं स्थानक मात्र यांगशुओ गावात नसून शिंगपिंगजवळ आहे, तिथून गावात जायला पुढे बस लागते. आणि शेवटची विनंती: यांगशुओला किमान दोन रात्री ठेवा. एक दिवस पाऊस किंवा धुक्यात गेला तरी दुसरा हाताशी राहील.