बोअरच्या पाण्यातला दोनचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात नळाचं पाणी येतं तेव्हा येतं; एरवी अनेक वसाहती बोअर नि टँकरवर दिवस काढतात. मग बादलीला पांढरी पुटं चढतात, साबण झिजतो पण फेस होत नाही, आणि चार शिट्ट्या झाल्या तरी वरण मिळून येत नाही. या सगळ्याचं मूळ मुख्यतः कॅल्शिअमच्या आयनात आहे.

कॅल्शिअमच्या अणूत 20 इलेक्ट्रॉन असतात. 2, 8, 8, 2 अशी त्यांची मांडणी. बाहेरचे दोन गेले की दोन धनभारांचा आयन उरतो. अष्टक पूर्ण करायची अणूला हौस असते, असं शाळेत सांगतात. हौस कसली! इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागतेच. पहिल्याला मोलमागे सुमारे 590 किलोजूल, दुसऱ्याला 1,145 आणि तिसऱ्याला एकदम 4,900च्या वर. पहिल्या दोघांचा खर्च ऋण आयनांच्या किंवा पाण्याच्या रेणूंच्या आकर्षणातून भरून निघतो. तिसऱ्याचा निघत नाही, म्हणून व्यवहार दोनवर थांबतो.

इथल्या बेसाल्टमध्येही कॅल्शिअम आयनरूपातच असतं. हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरणारं पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातून कॅल्शिअम सोडवून आणतं. सोबत बायकार्बोनेट तयार होतं. गिझरमध्ये पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहिलेलं कार्बोनेट कॅल्शिअमला घट्ट धरतं. आयनिक बंध म्हणजे दोघांचीच जोडी नव्हे. एकेका कॅल्शिअमभोवती अनेक कार्बोनेट, एकेका कार्बोनेटभोवती अनेक कॅल्शिअम. म्हणूनच कॉइलवर थरावर थर चढतो.

साबणातल्या सोडिअमवर एकच धनभार असतो. कॅल्शिअम त्याला हटवून साबणाचे दोन ऋण आयन धरतं, आणि फेसाऐवजी न विरघळणारा चिकट साका उरतो. डाळीतही तेच: पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनच्या साखळ्या कॅल्शिअम एकमेकींना बांधून टाकतं.

पाण्यातलं कॅल्शिअम काढणाऱ्या सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या मण्यांवर सोडिअम असतं. एक कॅल्शिअम आत गेलं की दोन सोडिअम बाहेर पडतात. मणी भरले की मिठाचं दाट पाणी सोडून उलटा सौदा करायचा. रेझिन येण्याआधी हे काम झिओलाइट नावाचे पदार्थ करत. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते पर्यटकांपुढे जे गुलाबी-पांढरे स्फटिक धरतात, त्यांत स्टिलबाइट असतं. तेही झिओलाइटच, आणि सापडतं याच बेसाल्टच्या पोकळ्यांत.