समुद्रफेन समुद्राचा फेस नाही, अहिफेन सापाचा नाही

काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मागितलं, तर पांढरा, हलका, लांबट तुकडा हातात येतो. लाटांचा फेस वाळून घट्ट झाला की त्याचाच हा तुकडा बनतो, अशी अनेकांची समजूत असते. नावच तसं आहे, त्यामुळे दोष कुणाला देणार? पण लाटांचा फेस वाळला तर मागे उरतो तो जेमतेम खारट पापुद्रा. समुद्रफेन हे माकुलाच्या शरीरातलं आतलं कवच आहे. माकुल मासा नाही, शंख-शिंपल्यांच्याच मोठ्या कुळातला मऊ अंगाचा प्राणी आहे. त्यामुळे या कवचाला हाड म्हणणंही चूकच. ते बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि त्यात एकावर एक असंख्य बारीक कप्पे असतात. कप्प्यांतल्या वायूचं आणि द्रवाचं प्रमाण बदलत माकुल पाण्यात वर-खाली होतं. ते मेलं की अंग कुजून जातं आणि पोकळ कवच तरंगत किनाऱ्याला लागतं. पाळीव पक्ष्यांच्या पिंजऱ्यात चोच मारायला टांगतात ते हेच. नाव ठेवणाऱ्यांचं मूळ चुकलं, पण नजर चुकली नाही: पोकळ्यांनी भरलेली ही रचना फेसासारखीच आहे.

अहिफेनाच्या बाबतीत मात्र सगळाच बनाव. अहि म्हणजे साप, फेन म्हणजे फेस, म्हणून अफू सापाच्या तोंडच्या फेसातून निघाली, असा अर्थ लावला जातो. अफू हा खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा पाडल्यावर पाझरणारा चीक. ग्रीक भाषेत रसाला ‘ओपोस’ म्हणत, त्यावरून ‘ओपिओन’ झालं, अरबीत त्याचं ‘अफयून’ झालं आणि तिथून शब्द इकडे आला. संस्कृत पंडितांनी त्या परक्या उच्चाराला ओळखीचे दोन शब्द जोडून अहिफेन घडवलं. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अफू नाही. ती मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत भेटते. विष आणि साप यांची सांगड इतकी चपखल बसली, की शब्द उसना आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

‘इंग्रजांनी फेनवरूनच फोम केला’ हेही अभिमानाने सांगितलं जातं. फोमच्या गादीत आणि फेनात नातं खरंच आहे, पण चुलत. दोन्ही शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळातून वेगवेगळ्या वाटांनी आले. कुणी कुणाकडून घेतला नाही. दोन्हीकडचा ‘फ’ ऐकून आपण फसतो. रशियनमध्ये फेसाला ‘पेना’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘स्पूमा’. म्हणजे मुळात होता तो ‘प’. इंग्रजीच्या कुळात त्या ‘प’चा ‘फ’ झाला, जसा पितृच्या जोडीला फादर आणि पादच्या जोडीला फुट. संस्कृतातला फ तर ओठ पूर्ण मिटून काढायचा, फादरमधला नव्हे.

राहता राहिली गोव्याची फेणी. पोर्तुगीजांनी आणली, तेव्हा शब्दही त्यांचाच असणार, असं पर्यटक धरून चालतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलं ते काजूचं झाड, आणि ‘काजू’ हे नावही मूळचं तिथल्या तुपी भाषेतलं. फेणीची व्युत्पत्ती मात्र सहसा फेनवरूनच सांगतात: चांगली दारू ओतली की वर बुडबुड्यांची माळ धरते, आणि गाळणारे त्यावरून तिचा जोर जोखतात. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण फेणी काजूचीच असते असंही नाही. दक्षिण गोव्यात ती माडाच्या सुरेपासूनही गाळतात.