हळद आणि यकृतातील चरबी

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड व महागाव तालुक्यांत कित्येक शेतकरी हळदीचे पीक घेतात. हीच हळद यकृतात साठलेल्या चरबीवर, म्हणजे ‘फॅटी लिव्हर’वर, रामबाण आहे असे अलीकडे सांगितले जाते. यात तथ्य किती, हे पाहणे हिताचे आहे.

हळदीस पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. शंभर भाग हळदीत ते साधारण तीन भाग असते आणि पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास हे प्रमाण सुमारे २० पट वाढते, असे १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले. पुढे अशा मिश्रणाच्या गोळ्या बाजारात आल्या. काही लहान चाचण्यांत कर्क्युमिनमुळे यकृताच्या रक्ततपासणीत सुधारणा दिसली. परंतु अशाच गोळ्यांनी काहींच्या यकृतास इजा झाल्याची नोंद इटली व अमेरिका येथील डॉक्टरांनी केली आहे. म्हणून भाजी-वरणातील हळद निर्धास्त खावी. गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

खात्रीचा उपाय साधा आहे. स्थूल व्यक्तीने वजन ७ ते १० टक्के हळूहळू उतरविल्यास यकृतातील चरबी घटते. साखर कमी करावी, दारू वर्ज्य करावी, रोज चालावे.

केंद्र शासनाने २०२१ साली हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तेव्हा गावातील कार्यकर्त्यांनी मधुमेही व स्थूल व्यक्तींना प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी अवश्य पाठवावे.