दोन मडकी आणि ओली वाळू



बाजारात संध्याकाळ झाली की काय होतं, हे भाजी विकणारीला सांगावं लागत नाही. उरलेली मेथी उद्यापर्यंत टिकणार नाही, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. मग दहाची जुडी दोनला जाते आणि आपली मजुरी बुडते.

आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाच्या उत्तर भागातही हीच अडचण होती. ऊन कडक, खेड्यात वीज नाही, मग फ्रिज कुठला? तिथल्या कुंभार घराण्यात वाढलेले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९५च्या सुमारास मडक्यातच उपाय शोधला. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधे वाळू भरायची, ती ओली ठेवायची आणि वर ओलं फडकं टाकायचं. त्यांच्या प्रयोगात तीन दिवसांत खराब होणारी वांगी २७ दिवस टिकली. मडकी तिथल्याच कुंभारांनी घडवली, त्यामुळे त्यांनाही काम मिळालं. २००० साली या कामाला रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आपला पाण्याचा माठ गार होतो, तसंच हे आहे. पाणी मातीतून झिरपतं, वाऱ्याने वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं.

करताना एवढं पाहा. दोन मडक्यांत दोन-तीन बोटं अंतर हवं, तळाशीही वाळू हवी. मडक्याला रंग देऊ नका, छिद्रं बुजतात. सावलीत, वारा लागेल तिथे तिवईवर ठेवा. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. भाजी धुतलेलं पाणीही चालतं. कांदा, लसूण यात ठेवू नका, ओलीने सडतात.

मात्र हवा कोरडी असेल तरच हे चालतं. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल. कोकणात किंवा भर पावसाळ्यात पाणी वाळतच नाही, तिथे फारसा फायदा नाही.

म्हणूनच गटाच्या कर्जातून कोणतीही वस्तू घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. आपल्या हवेला ती चालेल का? बिघडली तर गावात दुरुस्त होईल का? कर्ज फिटेपर्यंत टिकेल का?

आणि मडक्याची खात्री स्वतःच करा. एकाच दिवशी तोडलेली अर्धा किलो वांगी मडक्यात ठेवा, अर्धा किलो बाहेर टोपलीत. रोज पाहा आणि कोणती किती दिवस टिकली ते गटाच्या वहीत लिहा. पुढच्या बैठकीत वही उघडून मगच ठरवा, किती मडकी घ्यायची ते.