मैदान खुले करणारा विजेता

टेनिसपटू आर्थर ॲश म्हटले की १९७५चे विम्बल्डन विजेतेपद आठवते. मला त्यांचे शिकवण्याचे काम जास्त मोलाचे वाटते.

अमेरिकेतील रिचमंड शहरात १९४३ साली त्यांचा जन्म झाला. तिथली गोऱ्यांची टेनिस मैदाने कृष्णवर्णीय मुलांना बंद होती. तरीही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना १९६५ साली त्यांनी आंतरमहाविद्यालयीन एकेरी आणि दुहेरी, दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढच्या वर्षी पदवीही घेतली.

जी मैदाने आपल्याला मिळाली नाहीत, ती इतरांना मिळावीत म्हणून त्यांनी १९६९ साली सहकाऱ्यांसोबत ‘नॅशनल ज्युनियर टेनिस लीग’ सुरू केली. गरीब वस्त्यांतील मुलांना टेनिस शिकवायचे आणि अभ्यासाचीही गोडी लावायची, हा हेतू. पुढे एका कॉलेजात कृष्णवर्णीय खेळाडूंविषयी शिकवताना पुरेशी पुस्तके मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच तीन खंडांचा इतिहास सिद्ध केला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा आठवडा कामातच सरतो. तरी रविवारचा एक तास उरतोच. आपल्या वडोदऱ्यात कॉलेजात पदके मिळवलेली मराठी मंडळी घरोघरी आहेत. तो तास शेजारच्या वस्तीतल्या मुलांना दिला तर कपाटातल्या त्या पदकांचे सार्थक होईल.