मुलांच्या दंडाचा अस्थिभंग आणि त्याची नोंद

मूल पसरलेल्या हातावर पडले की दंडाचे हाड बहुधा कोपराच्या जरा वर, जिथे ते चपटे व पातळ असते, तिथे मोडते आणि या मोडाला ‘सुप्राकॉन्डिलर फ्रॅक्चर’ म्हणतात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या वर्गीकरणात, म्हणजे प्रत्येक निदानाला सांकेतांक देणाऱ्या यादीत, त्याचा गट एस४२.४१ असून, उजव्या दंडाचे हाड जागेवरून सरकले असल्यास एस४२.४११ हा सांकेतांक लागतो. त्यापुढचे सातवे अक्षर उपचाराचा टप्पा सांगते: त्वचा न फाटलेल्या मोडावर प्रत्यक्ष उपचार चालू असेपर्यंत ‘ए’, मोड सुरळीत भरत असतानाच्या पुढील भेटींना ‘डी’, आणि हाड वाकडे जुळल्यास ‘पी’. मोड वाढीच्या पट्टीतून, म्हणजे हाडाची लांबी वाढवणाऱ्या कूर्चेतून, गेला असेल तर मात्र गटच बदलून एस४९.१ होतो.

हाड सरकले की नाही हे डॉक्टरांनी लिहिलेच नाही, तर नियमाप्रमाणे ते सरकले असेच धरले जाते. त्यामुळे ‘सुप्राकॉन्डिलर फ्रॅक्चर’ एवढ्यावर थांबलेली नोंद साध्या दुखापतीलाही गंभीर ठरवू शकते. याहून मोलाचे म्हणजे मनगटाची नाडी लागते का आणि मूल अंगठा व तर्जनी जुळवून गोल करू शकते का, हे उपचारापूर्वी व नंतरही लिहिलेले असावे, कारण रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू दबल्याची खूण तिथेच सापडते आणि अस्थिभंगाच्या सांकेतांकात तिला जागाच नाही.