एका फोटोसाठी एक टनाचं कपाट!

आईच्या नाहीतर बाबांच्या फोनमधला एखादा साधा फोटो उघडा आणि त्याची माहिती वाचा. ३ मेगाबाइट, असं काहीसं लिहिलेलं दिसेल. आता जरा १९५६ सालात चला. त्या वर्षी आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेला जगातला पहिला संगणक बाजारात आणला. त्याचं नाव रामॅक. त्याच्या डिस्कच्या कपाटात २ फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असत आणि त्या सगळ्या एकदम गरागरा फिरत. कपाटाचं वजन एक टनाहून जास्त! आणि एवढ्या धुडात मावायचं किती? जेमतेम पावणेचार मेगाबाइट. म्हणजे तुमचा एक फोटो आत गेला असता आणि दुसरा बाहेरच राहिला असता.

आज गूगलच्या एका खात्याला १५ गिगाबाइट जागा फुकट मिळते. रामॅकच्या हिशेबाने ४००० कपाटं झाली की ही! तरीही एक दिवस फोनवर निरोप येतोच, ‘स्टोरेज भरत आलं आहे.’ हा निरोप मोठ्यांनी नुसता बाजूला सारू नये, कारण ती १५ गिगाबाइट एकट्या फोटोंची नसते. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून ती एकच आहे. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा पार संपली की ईमेल येणं बंद होतं, मग शाळेची सूचना असो की बाबांच्या ऑफिसचं पत्र.

पण ही गूगलकडची जागा, म्हणजे ‘क्लाउड’, असते तरी कुठे? चक्क जमिनीवर, खऱ्याखुऱ्या इमारतींत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. आपल्या नवी मुंबईत ऐरोली, महापे या भागात अशा कितीतरी इमारती आहेत. आत उंच उंच रॅकच्या रांगा, रॅकमध्ये संगणक आणि डिस्क, आणि हे सगळं रात्रंदिवस चालू. सतत चालून यंत्रं तापतात, म्हणून त्यांना गार ठेवावं लागतं. फिनलंडमधल्या हामिना गावात तर गूगलने एक जुनी कागदाची गिरणी विकत घेतली, तिथे डेटा सेंटर थाटलं आणि यंत्रं गार करायला थेट समुद्राचं थंडगार पाणी आत घेतलं!

बरं, तुमच्या फोटोची तिथे एकच प्रत ठेवून भागत नाही. डिस्क कधीतरी बिघडणारच. गूगलच्या संशोधकांनी २००३ साली आपली रीत एका शोधनिबंधात सांगितली होती. फाइलचे ६४ मेगाबाइटपर्यंतचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या ३ प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या. आज रीत पुष्कळ सुधारली आहे, पण एका यंत्रावर विसंबायचं नाही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे खिशात चुकून निघालेला काळाकुट्ट फोटोसुद्धा कुठेतरी अशीच काळजी घेऊन जपला जातो, विजेवर आणि गार हवेत.

जगात सगळ्यात जास्त जागा कोणी मोकळी केली, असं मला विचारलंत तर मी एकच नाव घेईन. नासिर अहमद. जन्म १९४०, बंगळुरूचा. पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. आजचा १२ मेगापिक्सेलचा फोटो जसाच्या तसा साठवला, तर त्याला ३६ मेगाबाइट लागतील. एका ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे ३ बाइट, आणि ठिपके १ कोटी २० लाख. करा गुणाकार! मग आपल्या फोनवर ३ मेगाबाइटच का दिसतात? कारण अहमद यांनी एक सुंदर गणित शोधलं. चित्राच्या छोट्या छोट्या चौकोनांतले बारीक चढउतार त्याने वेगळे काढता येतात, आणि आपल्या डोळ्यांना जे जाणवतच नाहीत ते टाकून देता येतात. १९७२ साली या कामासाठी मागितलेलं अनुदान त्यांना मिळालं नाही. तरी ते थांबले नाहीत, आणि १९७४ साली नटराजन आणि राव या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ते गणित प्रसिद्ध केलं. आज जेपीईजी फोटो आणि बहुतेक सगळे व्हिडिओ याच गणिताच्या जोरावर लहान होतात. मला हे फार मोठं काम वाटतं.

आता आपल्या घरचं गणित. जागा करायची म्हटलं की मोठी माणसं काय करतात? ‘शुभ सकाळ’ची फुलं पुसत बसतात! असं फुलांचं एक चित्र साधारण १५० किलोबाइटचं धरू. १०० पुसली, मोकळे झाले १५ मेगाबाइट. आणि फोनवर काढलेला एक मिनिटाचा चांगला व्हिडिओ धरू १०० मेगाबाइटचा. म्हणजे बोटं दुखेपर्यंत फुलं पुसून जागा झाली ती फक्त ९ सेकंदांच्या व्हिडिओची! उलट स्नेहसंमेलनातला, तीन जणांनी एकेकदा टाकलेला १२ मिनिटांचा तोच नाच बघा. एक ठेवून दोन काढले तर सुटतात २४०० मेगाबाइट, म्हणजे ८०० फोटोंची जागा. म्हणून आधी फाइली आकाराने लावून घ्यायच्या आणि वरून सुरुवात करायची. ड्राइव्हमध्ये तशी सोय आहे, आणि गूगलच्या स्टोरेजच्या पानावर मोठ्या फाइली वेगळ्या काढूनही दाखवतात.

पुसल्यावर लगेच जागा वाढली नाही म्हणून घाबरू नका. ड्राइव्ह आणि जीमेलमधलं पुसलेलं सामान आधी ट्रॅशमध्ये जातं, ३० दिवस तिथे राहतं आणि तोवर तुमच्याच जागेत मोजलं जातं. ट्रॅश रिकामा केला की आकडा खाली येतो. पण खरी गंमत पुढेच आहे. डिस्कवरची फाइल पुसणं म्हणजे बहुतेक वेळा डब्यावरची चिठ्ठी काढणं. डाळ आतच असते, दुसरं काही भरेपर्यंत. शिवाय डेटा सेंटरमध्ये प्रती अनेक ठिकाणी असतात, त्यामुळे सगळीकडून पुसायला साधारण २ महिने लागतात, असं गूगलच सांगतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो नुसता ‘डिलीट’ केला, तर तो फोनवरूनही जातो आणि क्लाउडवरूनही. ‘फ्री अप स्पेस’ केलं, तर बॅकअप झालेले फोटो फक्त फोनवरून जातात, क्लाउडवर राहतात. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे! घाईत चुकीचं दाबलं तर आजीचे जुने फोटो जायचे. म्हणून एकट्याने काही पुसू नका. रविवारी आईबाबांना शेजारी बसवा, त्यांना विचारून एकेक फाइल काढा, आणि तुमच्या घरातली सगळ्यात जाडजूड फाइल कोणती निघाली ते आम्हाला नक्की लिहून कळवा.